तणाचं औषध

"ए म्हाताऱ्या, धोतरात काय दडवतुयास?"

जालिंदर ओरडला तेव्हा मी बागेतल्या शेडपाशी भाकरीचं फडकं सोडत होते. माझे सासरे शेडच्या मागल्या भिंतीला टेकून एकटेच उकिडवे बसले होते. धोतराच्या सोग्याखाली त्यांनी काहीतरी धरलं होतं. ओरडा ऐकून ते दचकले, आणि ते जे काही होतं ते त्यांनी आणखी पोटाशी घेतलं.

जालिंदर माझा नवरा. तो होता तोवर मी त्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. आता घेते.

त्या दिवशी सकाळी द्राक्षाचा व्यापारी बाग बघायला आला होता. त्यानं गड्यांना, आम्हांला, सगळ्यांना थंड्याच्या बाटल्या वाटल्या होत्या. त्यातली एक म्हाताऱ्यानं चोरून ठेवली आणि आता आडोशाला बसून एकटा पितोय, असं जालिंदरच्या डोक्यात आलं. ऊन मी म्हणत होतं. पण तहानेचं काही नव्हतं, शेडात पाण्यानं भरलेला माठ होता. बापाच्या हातात काही दिसलं की ते काढून घ्यायचं, ही त्याला बाप थकल्यापासून लागलेली खोड. मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, चांगली घोंगडी त्यानं घेतली, खाट घेतली. चष्म्याची काच फुटली ती दोन वर्षं बदलून दिली नाही. आदल्या आठवड्यात मामांच्या हातून पाट फुटला आणि पाणी वाया गेलं, तर सगळ्या गड्यांदेखत त्यानं त्यांना पायताणानं मारलं होतं. मी मधे पडले, तर दोन मलाही बसल्या.

"काय न्हाय रं," मामा म्हणाले. "तुझं न्हाय त्ये."

"मग कुणाचं हाय? दे हिकडं."

"जालिंदर, नगं. पिऊ नगंस. त्ये—"

जालिंदरनं पायानं त्यांना बाजूला लोटलं, बाटली हिसकावली, बूच काढलं आणि मान मागं टाकून एक मोठा घोट घेतला. तो घशाखाली गेलेला मी बघितला. दुसरा तोंडात घेतला, तो मात्र भसकन बाहेर आला.

"काय हाय ह्ये? काय भरलंयस ह्यात?"

वास माझ्यापर्यंत आला तेव्हा मला कळलं. ते तणाचं औषध होतं. आमच्याकडं विषाला विष म्हणत नाहीत. किडीचं औषध, उंदराचं औषध, तणाचं औषध. बागेत वरंब्यावर मारलं की दुसऱ्या दिवशी गवत करपून काळं पडायचं, तेच. थंड्यासारखंच काळपट दिसायचं.

त्यानं आधी तोंड धुतलं नाही. आधी बापाच्या छातीत दोन बुक्क्या घातल्या, मग माठाकडं गेला.

जिल्ह्याच्या गावी सरकारी दवाखान्यात विषाचे रोगी वॉर्डाच्या एका टोकाला ठेवत. आम्ही गेलो तेव्हा तिथं आणखी तिघं होते. एका माणसानं किडीचं औषध घेतलेलं. त्याच्या तोंडातून फेस वाहत होता, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. इंजेक्शनं दिली की तो शुद्धीवर यायच्या ऐवजी बरळायचा, हवेतलं काहीबाही वेचायचा, म्हणून त्याचे हात बांधले होते. त्याच्यापलीकडं एक लग्नाची पोर. तिनं पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाल्ल्या होत्या. तिला वेदना काही नव्हत्या, नुसती उलटी. पण तिचं काळीज मधेच थांबायचं, मग पुन्हा चालू व्हायचं. नर्स तिचं मनगट धरून बसली होती आणि दर थोड्या वेळानं तिचा चेहरा पांढरा व्हायचा, पोरीचा नव्हे, नर्सचा. कोपऱ्यात एक आजीबाई होती. तिनं उंदराचं औषध खाल्लं त्याला तीन दिवस झाले होते. दोन दिवस ती ठणठणीत होती म्हणे. आता हळद लावल्यासारखी पिवळी झाली होती.

जालिंदरच्या पोटात नळी घालून पोट धुतलं. मग कसला तरी राखाडी गाळ पाजला. मुलतानी माती, नर्स म्हणाली. तो सगळा ओकाऱ्या काढत प्याला, आणि तासाभरानं खाटेवर मांडी घालून बसला.

"चहा आण," म्हणाला. मग शेजारच्या फेसाळलेल्या माणसाकडं बघून हसला. "बघ की ह्यो. मानसानं इख घ्यावं तर पचवायची ताकद पायजे."

डॉक्टर मुजावर नावाचे चाळिशीचे गृहस्थ होते. त्यांनी जालिंदरची लघवी एका काचेच्या नळीत घेतली, तिच्यात कसली तरी पांढरी पूड टाकली आणि नळी उजेडाला धरली. लघवी निळी झाली. कपड्याला नीळ देताना पाणी होतं तशी. डॉक्टर थोडा वेळ त्या निळीकडं बघत राहिले, मग मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"घोट पोटात गेला होता? नक्की?"

"गेला. मी बघितला."

"घरात मोठं कोण आहे?"

"सासरे. ते गावाकडं आहेत. तुम्ही मला सांगा."

त्यांनी खिडकीतून आत बोट दाखवलं. "तो फेस येणारा माणूस बघितलात? बांधून ठेवलाय तो? तो आठवड्याभरात चालत घरी जाईल. त्याच्या विषाला उतारा आहे. तुमचा माणूस बसून चहा मागतोय ना, तो नाही वाचायचा."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, "पण त्यांना तर काहीच होत नाही."

"आता नाही होणार. उद्या तोंड सोलपटेल. मग लघवी कमी होईल. हे विष फुप्फुसात जाऊन बसतं. फुप्फुसं हळूहळू वाळतात, कातडं वाळून कडक होतं तशी. मग श्वास पुरत नाही. आठ दिवस, दहा दिवस. थोडे मागंपुढं. डोकं शेवटपर्यंत ताळ्यावर राहतं, हेच वाईट. त्यांना सगळं समजत राहील."

"औषध?"

"ह्या औषधाला औषध नाही, बाई. माती पाजली, पोट धुतलं, जेवढं करता येतं तेवढं केलं." ते जायला वळले आणि थांबले. "एक ध्यानात ठेवा. धाप लागली की नातेवाईक ऑक्सिजन लावा म्हणून आमच्या अंगावर येतात. लावायचा नाही. हे विष ऑक्सिजनवरच पोसतं. जितका द्याल तितकी फुप्फुसं लवकर जातील. अगदीच शेवटी बघू. आणि पेशंटला हे सांगायचं की नाही, ते तुम्ही घरच्यांनी ठरवा."

"मी सांगते," मी म्हणाले.

मी चहा घेऊन आत गेले. जालिंदरनं एक घोट घेतला, तोंड पोळलं म्हणून कप माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाला, "साधा च्या आणाय येत न्हाय तुला. वांझ ती वांझच." आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि पदरात मूल नव्हतं. मी साडीवरचा चहा पुसला. सांगितलं नाही.

अकरा वर्षांत माझ्याजवळ पहिल्यांदाच असं काहीतरी होतं, जे त्याला माझ्याकडून हिसकावून घेता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो हट्ट करून, स्वतःच्या जबाबदारीवर दवाखान्यातून निघाला. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

गावात तो आला तो लग्नातल्या नवरदेवासारखा. ओठांची साल निघाली होती, जीभ पांढरी पडून तिला भेगा गेल्या होत्या, ताकातल्या कण्यांशिवाय काही गिळता येत नव्हतं. पण तो चालत होता, बोलत होता, आणि भावकीतली माणसं त्याला बघायला येत होती. प्रत्येकाला तो छाती ठोकून सांगायचा, "इख पचवलं म्या! मानसं नुसत्या वासानं मरत्यात, म्या घोट पचवला."

मग सांगून झाल्यावर तो बापावर यायचा.

मामांना त्यानं आल्या आल्या वैरणीच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती. दिवसातून एकदा मी भाकरी द्यायची, तीही तो बघत असताना. उरलेल्या औषधाची बाटली त्यानं बागेतून मागवून घेतली आणि सोप्यातल्या कोनाड्यात ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

"ह्या म्हाताऱ्यानं मला मारायला इख घातलं हुतं," तो सांगायचा.

कुणीतरी म्हणालं, "आरं, पण त्यो तर नगं पिऊ म्हनत हुता म्हनं."

"त्येच तर! त्येला ठावं हाय म्या हिसकावणार. नगं म्हनला की म्या जास्तच हिसकावणार, ह्येबी ठावं हाय. बापच हाय की माझा. मला वळखतुया."

हे तो अगदी मनापासून बोलत होता. आपण कसे आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याचाही दोष त्यानं बापाच्या माथी मारला.

मग एका सकाळी, कण्या खाता खाता त्यानं जाहीर केलं, "आज दुपारी भावकी जेवायला सांगितलीया. जेवणं झाली की म्हाताऱ्याला अंगणात आणायचा आणि ती उरलेली बाटली त्येच्या घशात वतायची. म्या पचवली, त्यो बी पचवंल. न्हाय पचली तर देवाचा न्याय."

मला वाटलं तो गंमत करतोय. मग मी त्याचे डोळे बघितले.

पोलीसपाटील त्याचा चुलतभाऊ होता. मी त्याच्या घरी पळत गेले. तो दाढी करत होता. "वयनी, जालिंदर बोलतुया नुसतं," म्हणाला. "घाबरवतुया म्हाताऱ्याला. मानूस मरणाच्या दारातनं आलाय, हुंदे त्येचं मन मोकळं." आणि आरशात गाल फुगवून वस्तरा फिरवायला लागला.

परत येऊन मी पाण्याचा तांब्या घेतला आणि वैरणीच्या खोलीची कडी काढली. जालिंदर पुढल्या दारी माणसांत बसला होता. मामा कडब्यावर पडून होते. त्यांची दाढी वाढली होती, छातीवर बुक्क्यांचे डाग काळेनिळे झाले होते.

"मामा, खरं सांगा. ती बाटली कुणी भरली?"

"म्या भरली. जुन्या रिकाम्या बाटलीत, कॅनातनं."

"कशापायी?"

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मग म्हणाले, "माझ्यापायी."

मी तांब्या त्यांच्यापुढं ठेवला.

"गड्यांम्होरं पायताणानं मारलं त्येनं. त्या दिसापास्नं रोज ती घिऊन भिंतीमागं बसत हुतो. बूच काढायची छाती हुईना. रोज बसायचो, रोज परत ठेवायचो." त्यांनी कडब्याची एक काडी मोडली. "त्येनं एका दमात काढलं बघ. त्येला कशाचंच भ्या न्हाय. ल्हानपनापास्नं तसाच."

हे सांगताना त्यांच्या आवाजात, कसं सांगू, थोडंसं कौतुकच होतं.

"मी सांगते त्यांना हे. हे कळल्यावर तरी—"

"नगं पोरी. सांगू नगंस."

मी ऐकलं नाही. मला वाटलं, बाप आपल्या माराला कंटाळून जीव द्यायला निघाला होता हे कळलं, तर दगडालाही पाझर फुटेल. मी जालिंदरला आत बोलावून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकला थांबल्यावर पुन्हा हसला.

"मंग तर लई सोपं झालं," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला मरायचंच हुतं, धाडस हुत न्हवतं. म्या लेक हाय. लेकानं बापाची इच्छा पुरी कराय नगं? चार मानसांत करू. भिंतीमागं कशाला?"

आणि तो पुन्हा बाहेर जाऊन बसला.

मी चुलीपुढं बसले. भावकीसाठी भाकऱ्या थापायच्या होत्या. हात चालत होते. तवा तापत होता. बाहेर त्याचा आवाज येत होता, आणि मी पहिल्यांदाच तो आवाज नीट ऐकला. दर चार शब्दांनी तो थांबत होता. परवा असा थांबत नव्हता. जिना चढून आल्यावर माणूस थांबतो तसा तो बसल्या जागी थांबत होता.

मी दारात जाऊन म्हणाले, "अवो, जरा आत येता का? चूल फुंकायची हाय."

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं. आमच्या घरात पुरुषमाणसानं चुलीकडं वळून बघायची रीत नव्हती. जालिंदर उठून आत आला, तो मारायलाच.

"मला चूल फुंकाय सांगतीस? मला?"

"एक डाव फुंका," मी म्हणाले आणि फुंकणी त्याच्यापुढं धरली. "जाळ करून दावा. जाळ झाला तर म्या सवता मामास्नी वढून अंगणात आणते. तुमच्याआधी बाटली म्या धरते."

त्याला पैज दिसली. पैज दिसली की त्याला राहवायचं नाही. फुंकणी ओढून घेऊन तो चुलीपुढं वाकला आणि जोरात फुंकर मारली. राख थोडीशी हलली. निखारा जसाच्या तसा राहिला. त्यानं छाती भरून घ्यायचा प्रयत्न केला आणि छाती भरेना. दुसरी फुंकर मारली ती पहिलीपेक्षाही हलकी. तिसऱ्यांदा त्यानं फुंकणी तोंडाला लावली आणि त्याला खोकल्याची अशी उबळ आली की तो तिथंच बसला, चुलीच्या ओट्याला धरून. त्याची नखं जांभळी पडली होती. त्यानं ती बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

तेव्हा मी सांगितलं. डॉक्टर जे जे म्हणाले होते ते सगळं, एकही शब्द न गाळता. लघवी निळी कशी झाली. फुप्फुसं कशी वाळतात. किती दिवस. डोकं कसं शेवटपर्यंत ताळ्यावर राहतं. भाकरी तव्यावर करपली तरी मी थांबले नाही.

सांगायला नुसते शब्दही पुरले असते. फुंकणी मी त्याच्या हातात का दिली, ते मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

"तुला कवापास्नं ठावं हाय?"

"पहिल्या दिसापास्नं."

त्यानं हात उगारला. तो माझ्या गालापर्यंत आला, पण त्यात काही उरलं नव्हतं. खांद्यावर पडला आणि तिथंच राहिला. मग तो आकसत गेला. पाच फूट दहा इंचांचा माणूस चुलीच्या ओट्याशी पोतं पडावं तसा पडला आणि मोठ्यानं हाका मारायला लागला, "तात्या! तात्या!"

कितीतरी वर्षांनी त्यानं बापाला तात्या म्हटलं होतं. मी वैरणीच्या खोलीची कडी काढली. म्हातारा धडपडत, भिंतीला धरत आला आणि त्यानं लेकाचं डोकं मांडीवर घेतलं. भावकी दारात उभी होती. कुणी जेवलं नाही. कोनाड्यातली बाटली उचलून मी मागल्या परड्यात खोल खड्डा काढून पुरली, आणि भावकीनं मागवलेली जीप आली तेव्हा हात धुऊन तिच्यात बसले.

मामा आमच्याबरोबर आले. मला वाटलं होतं, आता त्यांचा जीव वाचला, उरलेलं जे काय ते माझं आणि जालिंदरचं.

त्याच वॉर्डात, त्याच टोकाला त्याला खाट मिळाली. कण्हेरीच्या बिया खाल्लेली पोर घरी गेली होती. पिवळी आजीबाई राहिली नव्हती. किडीच्या औषधाचा माणूस अजून तिथंच होता, आता शुद्धीवर, आणि त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. काळं-पांढरं सिलिंडर दोन्ही खाटांच्या मधोमध उभं होतं. जालिंदरनं हात लांब केला असता तर त्याला लागलं असतं.

त्याला झोपता येईना. झोपला की गुदमरायचा. बसून, गुडघ्यांवर हात रोवून, खांदे वरखाली करत तो श्वास ओढायचा, आणि ओढलेला श्वास कुठं जायचाच नाही. गळ्याखाली खड्डा पडायचा. बोलायला एकेक शब्द उचलून आणावा लागायचा.

"वारा," तो म्हणायचा. सिलिंडरकडं बोट करायचा. "वारा दे."

"डॉक्टर नगं म्हणत्यात. त्यानं जास्त हुतंय."

"खोटं." श्वास. "सूड... घेतीया." तो बापाकडं वळायचा. "तात्या... हिला सांगा."

मामा त्याचे पाय चेपत बसले होते. पायताणानं मारलं ते, खोलीत कोंडलं ते, छातीवरचे काळेनिळे डाग, सगळं त्यांनी कुठंतरी मागं टाकलं होतं. आतडं आतड्याला ओढतं म्हणतात ते काय, ते मी त्या दोन दिवसांत बघितलं.

"का गं देत न्हाईस त्येला?" ते म्हणाले.

मी समजावलं. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्या भाषेत सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण त्यांची नजर शेजारच्या माणसाच्या नाकातल्या नळीवर होती.

"ह्येला मिळतुया. ह्यो बरा बी झाला. वाऱ्यानं कधी मानूस मेलाय व्हय गं? म्या सत्तर वर्सं वारा घेतुया."

"मामा, त्याचं विष येगळं, ह्यांचं येगळं."

ते उठले, आणि मला काही कळायच्या आत त्यांनी वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. भर वॉर्डात. सासऱ्यानं सुनेच्या पायांवर. "हौसा, जे केलं त्येनं, त्येच्या वतीनं म्या पाया पडतो. लई मारलं त्येनं तुला, ठावं हाय मला. पर दे गं त्येला वारा."

मी त्यांना उठवत होते तेवढ्यात डॉक्टर मुजावर आले. त्यांना घाई होती. त्यांनी मामांना दोन वाक्यांत सांगितलं, पण मामांना एका कानानं कमी ऐकू यायचं. डॉक्टर वैतागून म्हणाले, "आजोबा, हे सगळं बाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. ह्यांना सगळं ठाऊक आहे."

एवढं मात्र मामांना स्पष्ट ऐकू गेलं.

डॉक्टर गेल्यावर ते माझ्याकडं वळले. "पहिल्या दिवशी?"

"व्हय."

"पहिल्या दिसापास्नं ठावं हुतं, आनि त्यो गावभर छाती ठोकत फिरत हुता तवा तू गप बसलीस? त्येला सांगितलं न्हाईस, मला सांगितलं न्हाईस?"

तुमच्या घशात ती बाटली ओतू नये म्हणून अखेर सांगितलं, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण खाटेवरून जालिंदर पुढं वाकला होता. त्यानं बापाचा सदरा मुठीत धरला आणि चार श्वासांत चार शब्द बापाच्या चांगल्या कानात घातले. "हिनं... मला... मारलं... तात्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी नाडी बघितली आणि नर्सला म्हणाले, "आता लावा. आता काही फरक पडत नाही."

मास्क लावला. सिलिंडरमधून फुसफुस आवाज यायला लागला. आणि जालिंदरच्या नखांचा जांभळा रंग खरोखर थोडा उतरला. खांदे खाली आले. त्यानं डोळे मिटले आणि कितीतरी वेळानं त्याच्या चेहऱ्यावर निवांतपणा आला.

मामांनी ते बघितलं. मग माझ्याकडं नजर वळवली. वारा मिळाला आणि लेकराला बरं वाटलं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. उन्हं कलायच्या आत जालिंदर गेला.

दिवसकार्य झालं. माझा भाऊ मला माहेरी न्यायला आला. मी गेले नाही. मामांना बघणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि बाग होती. मामांनीही मला जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. मी त्यांना नवी घोंगडी आणली, त्यांची खाट परत दिली, चष्म्याला काच बसवली. ते बागेत यायचे, पाट बघायचे, गड्यांशी बोलायचे. माझ्याशी कामापुरतं.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना ताट वाढलं. गरम भाकरी, दोडक्याची भाजी, कांदा. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि अंगणातल्या काळ्या कुत्र्यापुढं टाकला. कुत्र्यानं तो गिळला. मामा ताटापुढं हात मांडीवर ठेवून बसून राहिले, कुत्र्याकडं बघत. भाकरीची वाफ निघून गेली तरी बसून राहिले. कुत्रं अंग झाडून उठलं, फाटकापर्यंत जाऊन आलं. मग त्यांनी पहिला घास तोंडात घातला.

संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच.

आलेगेले लोक कौतुक करायचे. म्हणायचे, म्हातारा देवमाणूस, आधी मुक्या जनावराला घालतो, मग आपण खातो. मामा त्यावर हसायचे नाहीत, नाकारायचेही नाहीत. ते त्यानंतर आठ वर्षं जगले, आणि माझ्या हातचं एकही जेवण त्यांनी कुत्र्याच्या आधी खाल्लं नाही.

पहिले काही महिने ताट वाढून आत निघून जायचे. पुढं पुढं सवय झाली. भाकऱ्या थापताना मी कुत्र्याची एक जादा थापू लागले.